तिसरा खण

खण एक

घराच्या पुढच्या खोलीत माझं आणि धाकट्या भावाचं ध्वनिमुद्रणाचं काम चालतं. ध्वनिमुद्रणं साठवायची, चार खणांत चार डिस्क असलेली पेटी आम्ही दोघांनी मिळून घेतली. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर आईचा आवाज जाणार होता, म्हणून आधीचे तीन महिने मी तिला बोलतं ठेवलं. आमची भांडणं, तिच्या नकला, शेजारणीची उणीदुणी, सगळं पेटीत. भावाला मी समजावलं होतं, "चौघींतली कुठलीही एक गेली तरी उरलेल्या तिघी मिळून तिचं सगळं परत लिहून काढतात. दोघी गेल्या की खेळ खलास."

"म्हणजे एक फुकटच!" तो हसला होता.

खण दोन

आज सकाळी दुसऱ्या खणाचा दिवा लाल. दुरुस्तीवाल्या काकांनी डिस्क कानाशी धरून हलवली.

"आतून खरवडलीय. गेली. पण तिसऱ्या खणात डिस्कच नाही की हो, ताई."

"शक्यच नाही. पेटी कोकलली असती."

"कोकलली असणार. भोंगा बंद केलाय कोणीतरी. पेटीच्या नोंदीत दिसतंय, अकरा आठवडे झाले."

"उरलेल्या दोघींतून काही?"

"तुकडे आहेत. तुकड्यांचं बोलणं होत नाही. दुसरीकडे प्रत?"

"पेटी होती ना."



खण तीन

खण चार

भाऊ फोनवर. "अगं, माझ्या वेगळ्या कामाला हवी होती. एक गेली तरी चालतं, तूच म्हणालीस."

"आण ती. आत्ता."

"पुसून टाकली गं. माझं काम भरलंय त्यात."

"आणि भोंगा?"

"डोकं उठवलं होतं त्याने."

"मला सांगायला तोंड नव्हतं?"

"तू नाही म्हणाली असतीस. आईला विचारलं होतं मी."

मागे वळले तर आई दारात. पाटीवर लिहून माझ्यासमोर धरली: मीच म्हटलं, घे. चारातल्या एकीने काय बिघडतं? त्याला रागावू नको.

मी काकांकडे पाहिलं. ते स्क्रू वेचत होते.

आईने पदराने पाटी पुसली, पुन्हा लिहिलं. रोज दुपारी लिहिते तेच: शेजारणीची नक्कल लाव.

आणि कानामागे हात धरून खुर्चीत बसली.