रंगुबाईच्या नावाचं रक्त

रक्त घ्यायला सांगलीहून गाडी आली आणि दर पाचवं घर धरत गल्लीतून निघाली. कोरोना गावात किती जणांना शिवून गेला, ज्यांना पत्ताही लागला नाही त्यांना धरून, हे रक्तातल्या खुणेवरून मोजायचं होतं. लोक दारं लोटून घेत होते. शालूबाई मात्र सकाळीच न्हाऊन उंबऱ्यात बसली होती. पाचवा आकडा पडला तो शेजारी, तिच्या जावेच्या दारात.

"माजं घ्या की. मी कवाची बसलीया."

"मावशी, असं मनानं घर बदललं तर मोजणी चुकते," सांगलीच्या बाई म्हणाल्या.

शालूबाईचा नवरा नानासो तीस वर्षं तिकडं तमिळनाडूत, सेलमला गलाईच्या दुकानात सोनं गाळत होता. घरी यायचा यात्रेला, आठ-दहा दिवस. दारात त्याचा पाय पडतो न पडतो तोच ती विचारायची, "किती दीस हायसा?"

"आदी पाणी तर दे," तो वैतागायचा.

तीस वर्षांच्या संसाराचे दिवस गोळा केले तर वर्षसुद्धा भरत नव्हतं. पण जेवताना तो ताटात चतकोर भाकरी ठेवायचा आणि ती त्याच ताटात जेवायला बसायची. तेवढ्यावर ती उरलेलं वर्ष काढायची.

टाळेबंदीत तो आला आणि नियमाप्रमाणे चौदा दिवसांसाठी शाळेत राहिला. ती खिडकीत डबा ठेवायची आणि लांब उभी राहायची. सवयीनं तिनं तिथंही विचारलं.

"आता न्हाई जायाचं," तो आतून म्हणाला.

उरलंसुरलं खड्ड्यात टाका, डबा उकळा, असं आशाताई क्रांतीनं बजावलं होतं. माघारी आलेल्या डब्यात रोज चतकोर असायची. "टाकून दे गं," तो म्हणायचा, पण ठेवायचा. शालूबाई शाळेमागं उभ्यानं ती खायची आणि मग शहाण्या बाईसारखा डबा उकळायची.

नवव्या दिवशी त्याला ताप चढला. ॲम्ब्युलन्स सांगलीला गेली, अग्नीही तिकडंच दिला. तिला तोंड दिसलं नाही. शाळेतली त्याची पिशवीसुद्धा जाळली. शालूबाईला ना ताप आला ना खोकला. वाचलीस बाई, लोक म्हणाले, आणि ते तिला फार लागलं. त्याचं सगळं जळालं होतं. निदान त्याचा आजार तरी आपल्या अंगात उतरलेला असावा, एवढीच तिची आस होती.

आणि आज, भांडणात अख्ख्या गल्लीला पुरून उरणारी तिची जाऊ रंगुबाई सुई बघून न्हाणीत जाऊन दडली. शालूबाई तिच्या सोप्यात शिरली, खुर्चीत बसली आणि बाही वर केली.

"नाव?"

"रंगुबाई."

गाडीबरोबर आलेली क्रांती दोघींनाही चांगली ओळखत होती. तिनं कागदात डोकं घातलं.

तीन आठवड्यांनी क्रांती निकालाची चिठ्ठी घेऊन आली. तोवर रंगुबाई, सुई टोचली तरी आपण हूं का चूं केलं नाही, हे गावभर सांगून मोकळी झाली होती. क्रांती तिचं दार मागं टाकून सरळ शालूबाईकडं आली.

"रंगुबाईच्या रक्तात सापडलंय, काकी. हून गेलाय."

शालूबाई उंबऱ्यातच बसली. तिनं पदर तोंडाला लावला. क्रांती जवळ टेकली.

"गावात शंभरात चाळीस जणांत सापडलंय. बाजारातनं आलं, गिरणीतनं आलं, कुणाकडनं आलं ते काय सांगता येत न्हाई."

"तुला न्हाई येत," शालूबाई म्हणाली.

तिनं कोपराच्या खोबणीत, सुई टोचली होती तिथं, बोट ठेवलं.

"आन् रक्तात ऱ्हातंय किती दीस?"

"नक्की कुणाला ठावं? सात-आठ म्हैनं धरा. मग हळूहळू जातंय."

"सात-आठ म्हैनं," शालूबाई म्हणाली. "एवढं तर ते कवाच ऱ्हायलं न्हाईत."