तांब्याचं कडं आणि बधिर बोटं

दुपारच्या सुट्टीत सगळं ऑफिस एका टेबलाभोवती लोटलं होतं. तांब्याची कडी विकायला आलेल्या ऊर्जागुरूंनी धिप्पाड सुरक्षारक्षकाला एका पायावर उभं केलं, त्याचा आडवा पसरलेला हात दोन बोटांनी दाबला आणि गडी कोलमडला! मग मनगटात तांब्याचं कडं चढवून पुन्हा दाबलं. हात तसूभर हलला नाही.

"कॉम्प्युटर तुमच्या नसांतला प्राण शोषतो, बाळांनो! कडं तो परत खेचून आणतं!"

सगळ्यांत आधी टंकलेखिकेने हात पुढे केला. दोन महिने तिच्या बोटांना मुंग्या येत होत्या. टायपिंग सुटलं तर नोकरी सुटली, ही धास्ती तिला बसू देत नव्हती की निजू देत नव्हती.

कडं आलं आणि तिने मधून मधून उठणंही सोडलं. चार-चार तास कीबोर्ड बडवू लागली. दहाव्या दिवशी लेकीची वेणी घालताना कंगवा हातातून सुटला आणि तिला कळलंसुद्धा नाही.

"आई, धर ना नीट!"

"धरलाय गं," म्हणता म्हणता तिला रडूच फुटलं.

मुक्कामाला आलेली नणंद फिजिओथेरपिस्ट होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"वन्सं, मी या डोळ्यांनी पाहिलंय!"

"मग आता अंगाने पाहा, वहिनी. उभ्या राहा एका पायावर."

नणंदेने हात दाबला, वहिनी कलंडली. मग लेकीचं रबरबँड मनगटात घालून दाबला. वहिनी खांबासारखी उभी!

"रबरातही प्राण आहे वाटतं?" नणंद हसली. "आधी मनगटाशी, बाहेरच्या बाजूला दाबलं. तोल जाणारच. नंतर कोपराजवळ, तुमच्या पायाकडे. एवढीच विद्या! तुमची नस वाकड्या मनगटात चिमटतेय. मनगट सरळ, कीबोर्ड कोपराच्या उंचीला, अर्ध्या तासाने हात मोकळे. आणि बोटं बधिर झालीत, तेव्हा उद्याच डॉक्टर."

डॉक्टरांनी मनगटपट्टी दिली. पुढच्या आठवड्यात गुरू परत आले आणि कडं घातलेल्या सुरक्षारक्षकाला पुन्हा एका पायावर उभं केलं, तेव्हा पट्टीचाच हात वर करून ती म्हणाली, "महाराज, कडं असू द्या, पण या वेळी बाहेरच्या बाजूला दाबा."

"आज ऊर्जा चंचल आहे," गुरू पुटपुटले.

"मग मी दाबते!" तिने दुसऱ्या हाताने दाबलं. कड्यासकट सुरक्षारक्षक टेबलावर आडवा! हशा पिकला, आणि तो थांबेपर्यंत महाराजांनी पिशवी आवरली होती.

तिच्या मुंग्या कमी व्हायला तीन महिने लागले. अंगठ्यातला जोर अजून पुरता परत आलेला नाही. दुखरा हात विश्रांती मागतो, ती त्याला वेळेवर द्यावी. आणि कुणी चमत्कार दाखवलाच, तर हात जोडण्याआधी एवढंच म्हणावं: पुन्हा करा, पण आता मी सांगते तसं.