अर्धी-अर्धी गोळी

दुष्काळाच्या साली सहकारी कारखान्यावर ऊस तोडून आम्ही दोघं परतलो, तेव्हा ह्यांच्या छातीत न्यूमोनिया भरला होता. बीडमधल्या एका दवाखान्यात दाखल केलं. शेजारच्या खाटेवर वडवणीकडचे कचरू, तेच दुखणं. त्यांच्या उशाशी त्यांची बायको सिंधुबाई, ह्यांच्या उशाशी मी.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं होतं. सुया सगळ्यांनाच, जोडीला एक गोळी. काहींची गोळी खरी, काहींची नुसती पिठाची. कुणाची कोणती, ते त्यांनाही ठाऊक नाही. दोन औषधं मिळून जास्त गुण येतो का, हे त्यांना बघायचं होतं. आम्ही अंगठे लावले.

मग आम्ही बायकांनी डोकं चालवलं. टँकर आला की ज्याला पाणी मिळालं त्यानं शेजारणीला अर्धं टिपाड द्यायचं, ही आमच्याकडची रीत. सिंधुबाई म्हणाली, "केशरबाई, आर्धी तुमची, आर्धी आमची. कुनीच कोरडं ऱ्हायाचं न्हाई." सिस्टरची पाठ फिरली की आम्ही गोळ्या मोडायचो. आपल्या हुशारीचं आम्हालाच लई कौतुक.

कचरू उठून बसले. हे गेले.

पुढं वर्षानं कुणाची गोळी कोणती ते उघड झालं, तेव्हा मी मुद्दाम विचारायला गेले. "तुमच्या माणसाची खरी होती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी अर्ध्या-अर्ध्याचं सांगून टाकलं. त्यांनी वहीत कचरूंची गोळी पाहिली; ती नुसती पिठाची होती. मग म्हणाल्या, "पूर्ण घेतली असती तर वाचले असते, असं एकट्या माणसाचं सांगता येत नाही, बाई. पण आता दोघांची नावं अभ्यासातून काढावी लागतील." म्हणजे ह्यांचं नाव तिथूनही गेलं. जळो ती हुशारी.

तेव्हापासून मी आमच्या नेकनूरहून वडवणीच्या बाजाराला जाते. घ्यायचं काही नसतं. कचरू कांद्याची गोणी पाठीवर घेऊन चालतात, दम लागत नाही. लोक काय म्हणायचं ते म्हणोत; माझ्या माणसाचं अर्धं औषध त्या छातीत आहे. तो श्वास जवळून ऐकावा, एवढंच मला वाटतं.

परवा सिंधुबाईनं चहा देताना विचारलं, "खरी गोळी कुनाची व्हती, कळलं का?" खरं सांगितलं असतं, तर लाजेनं तिनं मला पुन्हा तोंड दाखवलं नसतं.

"तुमची," मी म्हणाले. "तुमी आर्धी दिली, म्हनून हे चार दिवस जास्त जगले."

तिनं पदरानं डोळे पुसले आणि नवऱ्याला हाक मारली. कचरू येऊन माझ्या शेजारी बसले. मी चहा मुद्दाम निवू दिला.