कपाळावरचा चष्मा

मित्रांनो, जिन्याचे लाकडी कठडे घडवणाऱ्या एका कारखान्यातला मी जुना संरक्षक चष्मा. लेथवर लाकूड कातणाऱ्या मामांच्या कपाळावर माझी हयात गेली. हो, कपाळावरच. माझ्या काचांवर ओरखडे पडले होते. "यातून नुसतं धुकं दिसतं," म्हणत मामा मला वर सरकवायचे. नवी काच मागावी, हे कुणाला सुचलं नाही.

एके दिवशी फिरत्या लाकडाची कपची उडाली आणि माझ्या खालून थेट त्यांच्या उजव्या डोळ्यात गेली. शेजारच्या सुताराने रुमालाच्या टोकाने ती काढली. तेवढ्यावर भागलं, असं सगळ्यांना वाटलं.

चार दिवसांनी डोळा लाल झाला, उजेड सोसेना. मामांच्या खणात, भावाच्या ऑपरेशननंतर उरलेली थेंबांची बाटली होती. "डोळ्याचंच औषध आहे, अपाय काय व्हायचाय?" असं म्हणून त्यांनी ते घातलं. लाली ओसरली, मामा खूश झाले. मी मात्र धास्तावलो, कारण मोजपट्टीवरचे आकडे ते आता डाव्या डोळ्याने वाचत होते.

शेवटी मामांची मुलगी कारखान्यात आली आणि त्यांना तडक डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. मी कपाळावरच राहिलो होतो. डोळ्यात रंग घालून निळ्या उजेडात पाहिल्यावर बाईंनी मामांना विचारलं, 

"ताप आला की ओठावर फोड येतात का?"

"नेहमीच. त्याचं काय?"

"त्या फोडांचा विषाणू अंगात दडून बसतो. डोळ्याला इजा झाली की कधी कधी जागा होतो. आता तो बुबुळावर पसरलाय, आणि तुम्ही घातलेल्या त्या थेंबांतल्या स्टेरॉइडने त्याला मोकळं रान दिलं."

"बाबांची नजर जाईल का?" मुलीने विचारलं.

"आज सांगता येणार नाही."

मामांनी मला काढून मुठीत धरलं. 

डोळा वाचला, पण बुबुळावर डाग राहिला. तो विषाणू अंगातून जात नाही म्हणे. मामांना साधी कणकण आली तरी मला धडकी भरते.

मित्रांनो, मला पुसा, काच बदला, पण वेळेवर डोळ्यांवर ओढा. कपाळावर बसून मला कुणालाच वाचवता येत नाही.

आता माझ्या काचा नव्या आहेत. मामा रोज मला डोळ्यांवर चढवतात, माझी डावी काच तळहाताने झाकतात आणि भिंतीकडे बघतात. सुतार हळूच विचारतो, "मामा, किती वाजले?"

मामा बराच वेळ बघत राहतात. मग म्हणतात, "घड्याळ आहे, एवढं दिसतंय."