गोगलगायीची कीड

तापीवरच्या बंधाऱ्याची दारं लावली की पाणी मागे चढत येई आणि हेमकांतकाकांच्या केळीबागेच्या टोकाची खोलगट जागा तळ्यासारखी भरून जाई. काकांना ती बुजवून आणखी केळी लावायची होती. ट्रॅक्टरवाल्याशी बोलणंही झालं होतं. मोडता घातला तो पुतणीने. भाविका प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून नुकतीच घरी आली होती. इथे गोगलगायी खायला करकोचे उतरतात, तळं राहू द्या, एवढंच तिचं मागणं.

“करकोचा? कोनी दखा?” काका हसले. “तू दखाड वं बेन. पाखरे उनात ते तळं ऱ्हाऊ देसू. नही ते माती पडनी समज.”

भाविका रोज सकाळी बांधावर जाऊन बसू लागली. एकही करकोचा दिसला नाही. ती पोचण्याआधीच ते येऊन जात असतील, किंवा कुत्री उठवत असतील. मग तिने दुसऱ्या वाटेने शोध घ्यायचं ठरवलं. काठच्या शेवाळातून गोगलगायी वेचल्या, पाणी भरलेल्या एकेका काचेच्या पेल्यात एकेक टाकली आणि पेले अंगणात उन्हाला मांडले.

“आते चहा कसामा पेवाना?” मोहिनीकाकू करवादल्या. “गोगलगायस्ना पाहुणचार चालू शे आमना घर!”

ऊन चढलं तसं काही पेल्यांतलं पाणी धुरकट झालं. भाविकाने भिंग धरलं. शेपट्या झटकत पोहणारे बारीक जीव! गोगलगायींच्या अंगातून बाहेर पडलेली चपट्या कृमींची पिल्लं. या जातीचे कृमी मोठे होतात ते पाणपक्ष्याच्या आतड्यात. त्यांची अंडी पक्ष्याच्या विष्ठेतून पाण्यात पडतात, अंड्यातून निघालेलं पिल्लू गोगलगायीत शिरून वाढतं, बाहेर पडून दुसऱ्या गोगलगायीत घुसतं आणि गोगलगायी खाल्ल्या की पुन्हा पक्ष्याच्या पोटात पोचतं. पक्षी दिसला नाही म्हणून काय झालं? तो इथे येऊन गेला होता, त्याशिवाय हे कृमी आलेच नसते.

ती पेला घेऊन ओट्यावर धावली. कृमी म्हटलं तर काकांना कळायचं नाही, म्हणून त्यांचाच शब्द तिने वापरला.

“काका, गोगलगायस्मा कीड सापडनी!”

काकांचा चेहरा उतरला. “भलती शे का?”

“भलती!” भाविका आनंदाने म्हणाली. खूपच होती ती. कॉलेजातल्या सरांकडून सूक्ष्मदर्शकाखाली खात्री करून घ्यायची होती आणि शहाद्याची एस.टी. फाट्यावर आलीच असती. बाकीचं आल्यावर सांगू म्हणून ती निघाली.

दुपारी परतली तेव्हा काका बांधावर बादली विसळत होते. कडेचा चिखल निळसर दिसत होता. पाण्यावर गोगलगायी तरंगत होत्या, काही उलट्या, काही शंखातून अर्ध्या बाहेर लोंबलेल्या.

“काका, हाई काय?”

“मोरचूद. दुकानवालानी इचारं, कसानी कीड? मी म्हनं, गोगलगायनी कीड. त्यानी लगेच काढी दिधं.” काकांनी हात पुसले. “तुन्हा पाखरे कीडकं खाईसन मरतीन, म्हनी इचार करा. आते कीड गयी.”

गोगलगायीची कीड. दुकानदाराच्या लेखी गोगलगाय हीच कीड होती. भाविकाला काकांवर रागावताही येईना. तिच्या पक्ष्यांसाठीच तर हा माणूस औषध आणायला गेला होता.

तेवढ्यात वरून सावल्या सरकल्या. पांढुरक्या अंगाचे, काळ्या पंखांचे करकोचे तळ्यात उतरले. चोच मिटली तरी मधे फट राहते, तेच ते. एकाने तरंगणारी गोगलगाय उचलली.

भाविका पाण्यात घुसली. त्या मांसात किती विष मुरलं असेल ते तिला सांगता आलं नसतं, आणि थांबून बघण्यात अर्थ नव्हता. ती टाळ्या पिटत, ढेकळं फेकत, ओरडत सुटली. पक्षी उडाले, एक गिरकी घेतली आणि पलीकडच्या काठाला बसले. ती चिखलातून तिकडे धावली.

“येडी व्हयनी का?” काका ओरडले. “उनात ना तुन्हा पाखरे! हाकलस कसाले? मी तळं बुजत नही, जबान दिधी तुले!”

करकोचे पुन्हा उडाले. पुन्हा अलीकडे उतरले. मेलेलं खाणं इतकं आयतं पसरलेलं असताना ते जाणार तरी कुठे? आणि ती तरी किती दिवस धावणार होती? कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून भाविकाने काकांकडे पाहिलं.

“ट्रॅक्टरवालाले बलावा, काका,” ती म्हणाली. “माती आजच टाकी द्या.”