इटलीसारखं लागायला हवं

दोन संस्कृतींचा खरा मिलाफ करारमदारांत होत नाही, पातेल्यात होतो. या विधानाला आजवर कोणीही आव्हान दिलेलं नाही, कारण ते आत्ताच केलेलं आहे. आणि ज्या पातेल्याच्या जोरावर ते केलं, त्यात मिलाफ झाला की अपघात, यावर सौदी अरेबियातल्या रास तनुऱ्यात राहणाऱ्या मोहियुद्दीनभाईंच्या घरात अजून एकमत नाही.

मूळ मुद्दा लग्नाचा होता. मोहियुद्दीनभाईंची मुलगी रुमाना जुबैलच्या शाळेत गणित शिकवते. तिला बघायला त्या संध्याकाळी रत्नागिरीच्या आमिनाबी आपल्या मुलाला, यूनुसला घेऊन इफ्तारला येणार होत्या. मायलेक मक्केला उमऱ्याची यात्रा करून दम्मामला नातेवाइकांकडे उतरले होते. यूनुस जहाजावर सेकंड ऑफिसर, आणि दुसऱ्या दिवशी त्याचं विमान. होकार मिळायचा तर आजच. रुमाना त्याच्याशी फोनवर बोलली होती आणि "ठीक वाटतो" म्हणाली होती. नववीचे पेपर तपासणाऱ्या मुलीच्या तोंडून "ठीक" निघणं किती दुर्मीळ असतं, हे तिच्या आईला, अमिरुन्निसाला, चांगलं ठाऊक होतं. त्यामुळे हे स्थळ हातचं जाऊन चालणार नव्हतं.

सकाळी आमिनाबींचा फोन आला. "जास्त काही करू नका हं. आमच्या यूनुसला साधंच लागतं. इटलीला जहाज लागून लागून त्याला ते तिथले मीटबॉल आवडायला लागलेत. दुसरं काही नकोच असतं त्याला."

फोन ठेवून अमिरुन्निसाने रुमानाला हाक मारली. रुमानाने मोबाईलवर एका इटालियन आजीबाईंचा व्हिडिओ लावला. खिमा, दुधात कुस्करलेला पाव, अंडं, चीज. गोळे तेलात परतायचे आणि टोमॅटोच्या सॉसमध्ये मंद आचेवर शिजत ठेवायचे.

"आलं-लसूण?" अमिरुन्निसाने विचारलं.

"लसूण. आलं नाही."

"हळद?"

"नाही."

"गरम मसाला?"

"अम्मी, नाही!"

"मग या बाईने एवढा वेळ केलं काय?"

तरीही तिने सगळं आजीबाईंच्या हुकुमाबरहुकूम केलं. दुपारनंतर पातेल्यात लाल सॉस हळूहळू रटरटू लागला आणि खरा प्रश्न उभा राहिला. घरात सगळ्यांचे रोजे. चव बघणार कोण? जिभेच्या टोकावर घेऊन थुंकून टाकलं तर चालतं, असं शेजारच्या बायका सांगत. अमिरुन्निसा असल्या सवलती घेणाऱ्यांतली नव्हती.

अर्थात यावर त्या इमारतीत जुना तोडगा होता. वरच्या मजल्यावर नाशिकचे हर्षवर्धन टिपणीस एकटे राहत. रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर. दाब-तापमान मोजणारी यंत्रं खरं बोलतात की खोटं, हे तपासायचं काम. रमजानभर इमारतीतल्या कोकणी घरांतून त्यांच्याकडे संध्याकाळी झाकलेल्या वाट्या जात. टिपणीस चमचाभर चाखून "मीठ बेताचं" किंवा "चिमूटभर घाला" असा निकाल देत, आणि इफ्तारनंतर भरलेलं ताट त्यांना पोचतं होई. मिठाच्या बाबतीत ते कधी चुकले नव्हते.

मोहियुद्दीनभाई वाटी हातभर लांब धरून, तोंड दुसरीकडे वळवून, जिना चढले.

"मीठ बरोबर आहे," टिपणीस म्हणाले. "पण काहीतरी कमी वाटतंय."

"काय कमी?"

"ते कसं सांगू? कशासारखं लागायला हवं हे?"

"इटलीसारखं."

"मी नाही गेलो इटलीला."

"आम्ही तरी कुठे गेलोय साहेब? तुम्ही इंजिनिअर. अंदाज करा."

मूळ माप हाताशी नसताना तपासणी करू नये, हा टिपणीसांच्या धंद्यातला पहिला नियम. पण समोर दिवसभराच्या उपासाने ओठ सुकलेला, लेकीचा बाप उभा. त्यांनी पुन्हा चाखलं. "थोडं तिखट चालेल," ते म्हणाले.

खाली अमिरुन्निसा याच वाक्याची वाट बघत होती. मिरच्या पडल्या. वाटी पुन्हा वर गेली.

"आता जवळ आलंय," टिपणीस म्हणाले. "पण अजून चव उघडत नाहीये."

आलं पडलं. मग थोडा गरम मसाला. शेवटी, रस्सा गोळ्यांना धरत नाही असा निरोप आल्यावर, भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण पडलं. या वेळी टिपणीसांनी डोळे मिटले.

"आता अगदी बरोबर! घरी बसून जेवतोय असं वाटतंय."

मोहियुद्दीनभाई जिना दणदणवीत खाली आले. "झालं! साहेब म्हणाले, घरी असल्यासारखं वाटतंय."

"कोणाच्या घरी, अब्बा?" रुमानाने विचारलं.

तिघांनी पातेल्यात डोकावून बघितलं. दर शुक्रवारचे कोफ्ते ओळखीचं हसत होते.

अमिरुन्निसा मटकन स्टुलावर बसली, आणि तितक्याच झटकन उठली. टोमॅटोचा आख्खा डबा ओतला. वर ओरेगॅनो. वर उरलेलं चीज. आता चाखायला वर पाठवायला वेळ नव्हता; खाली गाडी लागली होती.

खजूर झाले, नमाज झाली, सगळे जेवायला बसले. यूनुसने पहिला घास घेतला आणि थांबला. काट्याने गोळा उलटा करून बघितला. दुसरा घास घेतला, पुन्हा उलटा केला. वास येतोय पण नकाशात सापडत नाही अशा बंदरासमोर आल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता.

"हे इटालियन?" आमिनाबींनी हळूच विचारलं.

"हो तर," अमिरुन्निसा म्हणाली.

"कसं लागतंय?" रुमानाने सरळ यूनुसलाच विचारलं.

"माहीत नाही," तो म्हणाला आणि आणखी दोन वाढून घेतले. मग आणखी एक.

याचा अर्थ काय लावायचा, कोणाला कळेना. मोहियुद्दीनभाईंनी बायकोकडे बघितलं, बायकोने छताकडे.

चहानंतर आमिनाबींनी पदर सावरला. "घर छान, माणसं छान, मुलगी तर गुणाची. पण लग्न म्हणजे नशिबाचा मामला. घाई नको. आम्ही विचार करून कळवतो."

असं "कळवतो" म्हणणाऱ्यांपैकी कोणी कधी कळवल्याचं मोहियुद्दीनभाईंना आठवत नव्हतं. अमिरुन्निसाने हसू चेहऱ्यावर तसंच धरून ठेवलं. मनातल्या मनात ती त्या खोबऱ्याला, टिपणीसांना आणि इटलीतल्या आजीबाईंना एका रांगेत उभं करून झोडपत होती.

तेवढ्यात यूनुस खाकरला. "चाची, एक विचारायचं होतं."

मोहियुद्दीनभाईंनी कप खाली ठेवला.

"त्यातलं काही उरलंय का? बरोबर न्यायला?"

रुमाना उठली. स्वयंपाकघरातून फॉइलचा चौकोनी डबा भरून, पुठ्ठ्याचं झाकण दाबून घेऊन आली. यूनुसने डब्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"हा नको."

"का? उद्या तुमची फ्लाइट आहे ना? हा बरा. खाल्लं की टाकून द्यायचा."

"म्हणूनच नको," तो म्हणाला. "स्टीलचा द्या. परत करायला यावं लागेल असा."