तीन नंबरचा दाता

प्लेटलेट ही जात मुळात आळशी. रक्तातून हात हलवत फिरायचं आणि पोटापुरती साखर जाळायची. पण कुठे जखम झाली, सिग्नल मिळाला, की बाईसाहेब अशा कामाला लागतात की साखर धडाधड जळते. एवढं सिद्ध करण्यात माझी चार वर्षं गेली. आता प्रबंधावर सरांची सही झाली की मी सुटणार होते.

अडलं होतं तीन नंबरच्या दात्यापाशी. बाकी पाच जणांच्या प्लेटलेट सिग्नल देताच पेटून उठत, याच्या ढिम्म हलत नसत. सर म्हणत, तुझ्या हाताला वळण नाही, पुन्हा कर. अकरा वेळा केलं. नळ्या हलक्या हाताने धरल्या, थंडी लागू दिली नाही, जावयाचे होत नाहीत एवढे लाड केले.

तीन नंबर म्हणजे खुद्द सर. आमच्याकडे रीतच ती, रक्त प्रयोगशाळेतल्याच लोकांनी द्यायचं. आधी फॉर्म भरायचा. 'गेल्या दहा दिवसांत कोणती गोळी घेतली?' यापुढे सर दर वेळी 'नाही' लिहून खाली दुहेरी रेघ मारत. फॉर्म खरा भरा, यावरचं त्यांचं व्याख्यान आम्हाला तोंडपाठ होतं.

मंगळवारी काकू, म्हणजे सरांची बायको, प्रयोगशाळेच्या दारात आल्या. सर मीटिंगमध्ये होते. काकूंनी माझ्या हातात एक डबी ठेवली. रक्त पातळ ठेवायची गोळी, रोज सकाळची, आज हे घ्यायला विसरले. छातीत दुखलं तेव्हापासून दीड वर्ष चालू आहे. विभागप्रमुखपद जाईल म्हणून घाबरतात गं, कुणाला बोलू नकोस, म्हणाल्या.

ही गोळी प्लेटलेटचा नेमका तोच सिग्नल तोडते ज्यावर माझा प्रयोग उभा. आणि वळण म्हणे माझ्या हाताला नाही! डबी भिंतीवर फेकावीशी वाटली.

फेकली नाही. पाण्याचा ग्लास, डबी आणि कोरा फॉर्म सरांच्या टेबलावर ठेवला. मीटिंगहून आल्यावर त्यांनी फॉर्म जवळ ओढला. मग गोळी घेतली.

"तीन नंबर काढून टाक."

"कारण लिहावं लागतं, सर."

"लिही. दात्याने खरं सांगितलं नाही."

त्याखाली त्यांनी सही केली, मग प्रबंधावर केली. मी कागद उचलले तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "अकराही वेळा ढिम्म होत्या ना?"

"ढिम्म, सर."

"म्हणजे गोळी लागू पडतेय," ते म्हणाले, आणि छातीवर हात ठेवून सुटल्यासारखे खुर्चीत मागे टेकले.